बसत नाही, म्हणून बसवला

एका क्रिकेट अकादमीच्या मुख्य प्रशिक्षकांना खुले पत्र

परमपूज्य, प्रातःस्मरणीय, सिस्टिमभूषण मा. सर यांस,

मुलुंड पूर्वेच्या एका सर्वसामान्य पालकाचा शिरसाष्टांग दंडवत.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले. माणूस उपकार विसरतो, सर, बँक विसरत नाही. दर महिन्याच्या 5 तारखेला फी खात्यातून वळती झाली की आपली आठवण यायची. गेल्या महिन्यात तो हप्ता बंद केला आणि तेव्हापासून चुकल्याचुकल्यासारखं होतंय. म्हटलं, निदान पत्र तरी धाडावं. खुलं धाडतोय, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या अकरा निरोपांना निळ्या खुणा आल्या, उत्तर एकालाही आलं नाही. आपण कामात असता. चारचौघांत वाचून दाखवलं तर आपल्या कानावर जाईल, एवढीच आशा.

आधी ओळख करून देतो, कारण दोन वर्षांत ती करून घ्यायला आपल्याला सवड मिळाली नाही. मी टी-शर्ट क्रमांक 43 चा बाप. आमचे चिरंजीव अकरा वर्षांचे असताना आपल्या चरणी रुजू झाले. डावखुरे. त्यापूर्वीचं शिक्षण सोसायटीच्या आवारात, पाण्याची टाकी आणि लावून ठेवलेल्या स्कूटर यांच्यामधल्या पंधरा पावलांच्या पट्टीवर, टेनिस बॉलने. तिथे गटाराचं एक लोखंडी झाकण आहे. चिरंजीव त्या झाकणाच्या जरा अलीकडे टप्पा टाकायचे आणि चेंडू झाकणाला वळसा घालून टाकीच्या भिंतीवर खडूने काढलेल्या स्टंपांत शिरायचा. डाव्या हाताची मनगटी फिरकी. मोबाइलवर कुलदीप यादवला बघून बघून, मनगट सुजेपर्यंत टाकून टाकून शिकलेली. आमचा वॉचमन सहा चेंडूंत चारदा बोल्ड व्हायचा. वॉचमन फलंदाज म्हणून फार थोर नव्हता, हे कबूल.

अशा मुलाला आपण पदरात घेतलंत. पहिल्या दिवशी आपण त्याला तीन प्रश्न विचारलेत: फी भरली का, टी-शर्टचा साइज काय, आणि बॅट्समन की बॉलर. तिसऱ्याचं उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं आणि आपला फोन वाजला. तो फोन महत्त्वाचा असणार. चिरंजीवांचं तोंड पुढची दोन वर्षं तसंच अर्धवट उघडं राहिलं, त्याचं काही नाही.

आपल्या जागेचंही कौतुक करायला हवं. उपनगरात मैदान आता फक्त बिल्डरच्या माहितीपत्रकात उरलंय. अशा काळात मॉलच्या मागच्या पार्किंगच्या गच्चीवर हिरवी सतरंजी अंथरून, वरून जाळी ताणून आपण क्रिकेट जिवंत ठेवलंत. चाळीस मुलं, चार नेट, दीड तास, दोन सहायक आणि एक आपण. मी खाजगीत हिशेब केला, रागावू नका, बँकेतली सवय आहे. प्रत्येकाच्या वाट्याला नऊ मिनिटं फलंदाजी येते. त्यातली दोन पॅड चढवण्यात जातात. बाकीचा वेळ मुलं रांगेत उभी राहून संयम शिकतात, आणि कसोटी क्रिकेटला संयम लागतोच.

पण आपलं खरं देणं म्हणजे सिस्टिम. हा शब्द आपल्या मुखातून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी अक्षरशः सावरून बसलो. आमच्या वेळी 'नेट' असायचं, 'सर' असायचे, फार तर 'अरे गाढवा, कोपर वर' असायचं. आपल्याकडे भिंतीवर लॅमिनेट केलेला तक्ता होता. फलंदाज असेल तर पुढचा पाय बाजूला काढून लेगला उचलायचं. गोलंदाज असेल तर शिवण सरळ ठेवून जोरात टाकायचं, पट्टीवर मांडलेल्या प्लॅस्टिकच्या शंकूंपैकी एक पाडायचा. झालं. अंधेरीचा असो, घाटकोपरचा असो, उंच असो, बुटका असो, सगळ्यांना एकच तक्ता. टपरीवर चहा मागितला की समोर कटिंग येतो, मोठा की छोटा असं कुणी विचारत नाही, तशी ही समता आहे.

दुसऱ्या आठवड्यात मी भीत भीत विचारलं, "सर, हा फिरकी टाकतो, जरा बघाल का?" आपण किती सौजन्याने म्हणालात, "फिरकीवाले आपल्याकडे दोन आहेत, दोघं ऑफस्पिन टाकतात. हा प्रकार आपल्या सिस्टिममध्ये बसत नाही." सिस्टिममध्ये बसत नाही, म्हणून आपण त्याला बाकावर बसवलंत. मराठी भाषा किती लवचीक आहे, बघा. चिरंजीवांना मात्र आपण लवचीक राहू दिलं नाहीत. "मनगट लॉक कर," म्हणालात. सहा महिन्यांत मनगटाला कुलूप लागलं. डाव्या हाताचा एक मध्यमगती गोलंदाज तयार झाला. त्याच्यात गती नव्हती, पण मध्य होता.

इथे आपण हसून म्हणाल, "अहो, पोराला बदलणं हेच तर प्रशिक्षकाचं काम!" शंभर टक्के मान्य. ज्या कुलदीपचं बघून आमचा पोरगा हे धंदे शिकला, त्याला स्वतःला वेगवान गोलंदाज व्हायचं होतं. कानपूरच्या कपिल पांडे सरांनी त्याची चण बघितली आणि फिरकी टाक म्हणाले. पोराला ते अजिबात रुचलं नव्हतं. म्हणजे बदलाला आमचा विरोध नाही. आपल्याला फक्त एका जुन्या, अडाणी पद्धतीची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या पद्धतीत बदल करण्याआधी मुलाकडे बघत असत.

ही पद्धत बोरिवलीत होती. फार लांब नाही, आपल्या गच्चीवरून रिक्षा केली तर तासाभरात पोचाल, रस्ता खोदलेला नसला तर. 1999 च्या सुमारास दिनेश लाड सरांनी आपल्या संघाविरुद्ध खेळणारा एक पोरगेला ऑफस्पिनर बघितला आणि त्याला आपल्या स्वामी विवेकानंद शाळेत ये म्हणाले. मुलगा काका-आजोबांकडे राहायचा. शाळेची फी महिना 275 रुपये, ती घरच्यांना झेपणारी नव्हती. लाड सरांनी शाळेच्या चालकांकडे शब्द टाकून ती माफ करून घेतली. मुलगा ऑफस्पिनर म्हणून आला, ऑफस्पिनर म्हणून खेळत राहिला, फलंदाजीला खाली खाली यायचा. मग एके दिवशी शाळेच्या दाराशी कुणीतरी एकटंच बॅट फिरवत होतं. सर थांबले. बॅट सरळ येत होती. जवळ जाऊन बघतात तो आपलाच ऑफस्पिनर. त्याला त्यांनी सलामीला पाठवलं, आणि पोरानं शतक ठोकलं. रोहित गुरुनाथ शर्मा असं नाव आहे त्याचं. आपल्या अकादमीच्या दारावर त्याचा मोठा फोटो लावलाय, खाली आपला मोबाइल नंबर आहे.

सर, मी त्या गोष्टीतल्या एकाच क्रियापदावर अडकलोय. थांबले. आपल्याकडे दोन वर्षांत असं कुणी थांबलेलं माझ्या पाहण्यात नाही. एकदा आपण थांबला होतात, पण तेव्हा आपल्या बुटाची नाडी सुटली होती.

त्याच लाड सरांनी पालघरचा शार्दूल ठाकूर हेरला आणि रोजच्या लोकलच्या हालांतून सुटावा म्हणून त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतला. घरी, सर! पोरगं शाळेकडून हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारून मोकळं झालं. लाड सरांना 2022 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आपलीही ख्याती कमी नाही. द्रोणाचार्यांची एक गोष्ट आपण फार मनावर घेतलेली दिसते. त्यांनी अंगठा मागितला, आपण मनगट घेतलंत.

माझा एक मेहुणा न्यू जर्सीत असतो. मी त्याच्याकडे रडगाणं गायलं तर म्हणाला, "भावजी, आमच्याकडे हे रोजचंच." तिथल्या फुटबॉलमध्ये, ज्यात पायाचं काम कमी आणि हाताचं जास्त, क्वार्टरबॅक म्हणून एक जण असतो. चेंडू त्याच्या हातात येतो आणि कुणाला, कधी, किती लांब फेकायचा ते त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. समोरून शे-सव्वाशे किलोचे चार-पाच गडी त्याच्या अंगावर येत असतात. जॅरेड गॉफ नावाचा मुलगा 2016 मध्ये सगळ्या देशातून पहिल्या क्रमांकाने निवडला गेला, लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघात. पहिल्या मोसमात त्याने सात सामने सुरू केले आणि सातही हरले. वर्तमानपत्रांनी त्याला फुकट गेलेला माल ठरवलं. मग प्रशिक्षक बदलला. शॉन मॅकव्हे नावाचा जेमतेम तिशीचा पोरगा आला. मुलाला काय लवकर दिसतं, काय उशिरा दिसतं, याचा त्याने अंदाज घेतला आणि डावपेच त्या मापाने बेतले. दोन मोसमांत तोच गॉफ सुपर बोल या अंतिम सामन्यात उभा होता. तिथे हरला, ते वेगळं. मेहुणा म्हणाला, "आधी सदरा शिवून मग त्याच्या मापाचा माणूस शोधत फिरायचं, असं कुठे असतं का?" मी म्हटलं, "असतं. मॉलच्या मागे."

अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. चेंबूरला जा. अणुशक्तीनगरच्या वसाहतीत वाढलेला सूर्यकुमार यादव कोलकात्याच्या संघात चार मोसम होता. तिथे त्याला खाली पाठवायचे, शेवटची चार षटकं उरली की. चार मोसमांत मिळून त्याच्या सहाशेच्या आसपास धावा झाल्या. 2018 मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला 3 कोटी 20 लाखांना घेतला आणि वर खेळायला पाठवला. एका मोसमात 512. बॅट तीच, डोकं तेच, गुडघ्यात वाकून मागे फटकावायची ती चमत्कारिक सवयही तीच. फक्त जागा बदलली. भारताकडून पहिला सामना मिळाला तेव्हा वय तीस झालं होतं. आंतरराष्ट्रीय कारकिर्दीतला पहिलाच चेंडू, जोफ्रा आर्चरचा, त्याने प्रेक्षकांत भिरकावला. तो इतकी वर्षं कुठे होता, असं लोक विचारत होते. कुणाच्या तरी सिस्टिममध्ये बसत नव्हता, म्हणून बसला होता.

रोहितचंही तसंच. एकदिवसीय सामन्यांत पाच-साडेपाच वर्षं मधल्या फळीत घालवली, दोन शतकं झाली. जानेवारी 2013 मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध सलामीला पाठवला, 83 केल्या. त्यानंतर तीन द्विशतकं. कितीतरी वर्षं आधी बोरिवलीच्या शाळेच्या दाराशी जे कळलं होतं ते देशाला पुन्हा कळायला एवढा वेळ लागला. तेव्हा आपल्याला दोन वर्षांत कळलं नाही, त्यात वाईट वाटून घेऊ नये.

बाकाचा विषय निघालाच आहे तर अमोल मुझुमदार यांचं नाव न घेणं म्हणजे पंढरीला जाऊन विठोबाला न भेटणं. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. सचिन आणि विनोद 664 धावांची भागी करत होते आणि पुढच्या क्रमांकाचा हा तेरा वर्षांचा मुलगा पॅड बांधून बसला होता. पाळी आलीच नाही. पुढे मुंबईकडून पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात 260, सगळ्या कारकिर्दीत अकरा हजारांवर धावा, तीस शतकं, आणि भारताची टोपी एकदाही नाही. वरच्या जागा द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण यांनी अडवल्या होत्या, तिथे कुणाचं काय चालणार. असा माणूस भारताच्या महिला संघाचा प्रशिक्षक झाला.

आणि त्या संघात भांडुपला जन्मलेली एक मुलगी होती. जेमिमा रॉड्रिग्ज. पोरीला खेळायला सोयी मिळाव्यात म्हणून तिच्या घरच्यांनी भांडुप सोडून वांद्र्याला बिऱ्हाड हलवलं होतं. 2025 च्या विश्वचषकात एका सामन्यात तिलाही बाहेर बसवलं. म्हणजे बसवतात, सर, चांगले लोकही बसवतात. पण 30 ऑक्टोबरला नवी मुंबईत, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, पाचव्या क्रमांकावर जायचं ठरलेल्या या मुलीला मैदानात उतरायच्या पाच मिनिटं आधी सांगितलं की तू तिसरी जा. नाबाद 127. तीनशे एकोणचाळीस धावांचा पाठलाग पुरा झाला, तीन दिवसांनी विश्वचषक घरी आला. ज्याने आयुष्यभर बाक उबवला होता त्याला बाकावर कोण बसलंय ते दिसत असावं, असा माझा आपला एक अंदाज. आपण कधी बाकावर बसला होतात का, सर? सहज विचारलं.

आता त्या रविवारविषयी. अकादम्यांची स्पर्धा होती, कांदिवलीला. प्रवेश शुल्क वेगळं, रंगीत कपडे वेगळे, नाश्ता वेगळा आणि तो वडापाव होता. चिरंजीव बारावे होते. पाण्याच्या बाटल्या, ग्लोव्हज, सरांचा गॉगल, अशी ने-आण करत होते. सोळाव्या षटकानंतर आपल्या एका मध्यमगतीच्या पायात गोळा आला. समोरची टीम 140 च्या पुढे होती, सामना तसाही गेला होता. पंचांनी आणि समोरच्या सरांनी हो म्हटलं, आणि आपण मोठ्या उदारपणे म्हणालात, "जा रे, त्रेचाळीस, एक टाक."

पहिले तीन चेंडू सिस्टिमप्रमाणे. तीन चौकार, तेही सिस्टिमप्रमाणेच असणार. चौथ्याला मी जाळीमागून बघत होतो. पोराने पळता पळता चेंडू हातात एकदा फिरवला. मला ते फिरवणं ओळखीचं होतं. झाकणाच्या अलीकडे टप्पा टाकताना तो तसंच करायचा. चेंडू हवेत जरा थांबल्यासारखा झाला, उजव्या हाताच्या फलंदाजाने आत येणार म्हणून पाय लेगला टाकला, आणि चेंडू टप्पा पडून बाहेर निघाला. गुगली. फलंदाज फसला. स्टंपांना वारा लागला असेल. यष्टिरक्षक उजवीकडे झेपावायच्या ऐवजी डावीकडे झुकला, तोही फसला. चेंडू सरळ सीमेपार. चार बाइज.

त्या क्षणी मैदानावर दोन माणसं हसली. एक समोरचा फलंदाज, खुशीने, बॅट काखेत धरून, "परत टाक" अशी मान हलवत. दुसरा चिरंजीव. आपण मात्र उभे राहून गरजलात, "सिस्टिम! सिस्टिम!" पुढचे दोन चेंडू त्याने मनगटाला कुलूप लावून टाकले. षटकात सोळा त्याच्या नावावर. चार बाइज यष्टिरक्षकाच्या. परतीच्या वाटेवर आपण बसमध्ये सगळ्यांसमोर समजावलंत की एका मुलाच्या हौसेपायी संघाचं नुकसान होतं. आपण बोललात ते खरंच आहे. चार धावांचं झालं. सामना आपण 71 धावांनी हरलो.

इथे थोडं माझंही कबूल करतो, नाहीतर आपल्याला वाटेल हा गृहस्थ सगळं खापर आमच्याच डोक्यावर फोडतोय. पहिल्या वर्षाच्या पावसाळ्यात, एका रात्री, चिरंजीवांनी गादीवर पडल्या पडल्या मला विचारलं होतं, "बाबा, मी मनगट वळवू का?" मी फोनवर आपल्या अकादमीचा व्हिडिओ बघत होतो, त्यात एक मुलगा शंकू पाडत होता. मी म्हटलं, "सर सांगतात तसं कर." अडीच हजारांचे बूट घेतले होते, त्यांचा हिशेब डोक्यात होता. तेव्हा या कार्यात आपला वाटा मोठा असला तरी सारं श्रेय एकट्याने घेऊ नये. अर्धं माझ्याकडे राहू द्यावं.

निरोपाच्या वेळी आपण प्रगतिपुस्तक दिलंत, त्याबद्दल विशेष ऋणी आहे. आठ पानं, रंगीत, वर्तुळाचे तुकडे, चढते बाण. 'इंटेंट' 6, 'इम्पॅक्ट' 5, 'बॉडी लँग्वेज' 4. शेवटच्या पानावर आपली सही आहे, छापील. पहिल्या पानाविषयी एक शंका होती, ती खाली विचारतोच.

सध्या चिरंजीव मुलुंडलाच महापालिकेच्या एका मैदानात जातात. सतरंजी नाही, मातीच आहे. एका कोपऱ्यात लग्नाचा मांडव पडतो तेव्हा नेट त्या बाजूने हलवावं लागतं. तिथे एक निवृत्त गृहस्थ घडीची खुर्ची टाकून बसतात. त्यांची सिस्टिम काय, अशी चौकशी मी केली होती. त्यांनी मला बाजूला उभं राहायला सांगितलं. पहिल्या दिवशी पाऊण तास ते एक शब्द बोलले नाहीत. पोरगा टाकत होता, ते बघत होते. मधे एकदा खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला नेली आणि तिकडून बघितलं. शेवटी त्याला जवळ बोलावून एवढंच विचारलं, "सोडताना कुठलं बोट शेवटी लागतं?"

चिरंजीवांनी विचार केला. दोन्ही हात पुढे धरून, डोळे मिटून, हवेत दोनदा टाकून बघितलं. मग म्हणाले, "हे, चौथं." गृहस्थ म्हणाले, "मग ठीक आहे."

फार मोठं काही झालेलं नाही, सर. आपल्याला उगाच धास्ती वाटायला नको. कुलूप उघडतंय, पण गंजलंय. पुढचा पाय कोसळतो. सहापैकी दोन चेंडू फुलटॉस पडतात, एखादा नेटच्या वरून लग्नाच्या मांडवात जातो. गृहस्थांनी साफ सांगितलंय की शाळकरी मुलांच्या गाइल्स शील्डचं वय हातातून चाललंय, दोन वर्षं भरून येणार नाहीत, आणि हा पुढे खेळेलच असंही नाही. गेल्या रविवारी सहा षटकांत 38 धावा, एक बळी. यष्टिचीत. या यष्टिरक्षकाला त्याने आदल्या दिवशी अर्धा तास बाजूला घेऊन गुगली कशी ओळखायची ते दाखवलं होतं.

तरी आपण आम्हाला विसरू नये. नव्या तुकडीला आमच्याकडून शुभेच्छा. आपल्या दाराशी येणाऱ्या पालकांना हे पत्र दाखवायची आवश्यकता नाही, त्यांनी ते वाचलेलं असेल. त्यांना एवढीच विनंती की फी भरण्याआधी एक दिवस जाळीमागे उभं राहावं आणि सर कुणाकडे बघतात ते मोजावं. नऊ मिनिटं पुरतात.

कळावे, लोभ नसावा, असल्यास तोही आगाऊ हप्त्यात घ्यावा.

आपला आज्ञाधारक,
त्रेचाळीसचा बाप

ता. क. : प्रगतिपुस्तकाच्या पहिल्या पानावर 'गोलंदाजीचा हात : उजवा' असं छापलंय. फोटो त्याचाच आहे, नाव त्याचंच आहे. सवडीने दुरुस्त करून पाठवावं. तो डावखुरा आहे.